लाल ओळी

"आता माझं दाखवा की," कणसे म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

त्याआधी अर्धा तास मी एकटाच बोलत होतो. मला ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही. नगरवाचनालयाच्या वार्षिक सभेत आभाराची दोन वाक्यं बोलायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा मी तापाचं निमित्त सांगून घरी बसलो होतो. पण त्या दिवशी माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरपुढं, मी उद्धवराव कणस्यांना माझी वेबसाइट आतून कशी चालते ते सांगत होतो आणि सांगताना मला चक्क बरं वाटत होतं. या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली.

वेबसाइट कसली, वाचलेल्या पुस्तकांच्या टिपणांची वहीच ती. मी वीज मंडळाच्या संगणक विभागात अठ्ठावीस वर्षं प्रोग्राम लिहिले, बहुतेक बिलांचे. निवृत्त झाल्यावर कराडला येऊन एकटा राहिलो. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकावर पान-अर्धं पान लिहून ठेवायची कॉलेजपासूनची सवय. ती टिपणं मी एकेक करून वेबसाइटवर चढवली. रोज पाच-सहा माणसं बघत असावीत, त्यांतला एक मी. सगळी पानं हातानं लिहिलेली. नवीन पुस्तक आलं की लेखकांची यादी, विषयांची यादी, सालांची यादी, सगळीकडं हातानं भर घालायची. सहाशे पुस्तकं झाल्यावर एक दुवा दुरुस्त केला की दुसरा तुटायला लागला.

त्यावर उपाय शोधताना मला कळलं की हे सगळं आपोआप करणारं साधन जगातल्या लोकांनी मिळून लिहिलंय. ते फुकट आहे आणि आतून उघडूनही बघता येतं. मला आधी संशयच आला. आमच्या विभागात एकानं दुसऱ्याला आपला प्रोग्राम दाखवायचा तर साहेबांची सही लागायची. इथं अनोळखी माणसं एकमेकांच्या चुका चारचौघांत दाखवत होती आणि वर आभार मानत होती. मी महिनाभर त्यांचं बोलणं नुसतं वाचत बसलो. मध्ये तोंड घालायची हिंमत नव्हती.

त्यातच दुसरं एक साधन सापडलं, बदलांची नोंद ठेवणारं. फायलीत आज काय घातलं, काय काढलं, हे ते कायमचं लक्षात ठेवतं. प्रत्येक नोंदीबरोबर एक ओळ लिहायची असते, काय बदललं त्याची. मी रोज एकच शब्द लिहायचो, ‘दिवसअखेर’. मंडळात संध्याकाळी साडेपाचला सगळ्या फायलींची टेपवर नक्कल काढायची, काम पुरं झालेलं असो की अर्धवट, आणि रजिस्टरात ‘दिवसअखेर’ लिहून सही करायची, असा नियम होता. घरीही साडेपाच वाजले की माझे हात तेच करायचे. इतर लोक काम पुरं झाल्यावर नोंद करतात हे मला फार उशिरा कळलं.

दोनेक वर्षांनी एक चूक मला त्या पहिल्या साधनातच सापडली. पुस्तकांची यादी मराठी अक्षरांच्या क्रमानं नीट लागत नव्हती. ते साधन सांभाळणाऱ्यांत लातूरच्या फरीदा अत्तार होत्या, तिथल्या तंत्रनिकेतनात शिकवणाऱ्या. त्यांना ईमेलनं पत्र लिहायला मला अकरा दिवस लागले. लगेच उत्तर आलं, "सर, चूक खरी आहे. तुमचा सगळा कोड खुला करून ठेवाल का? म्हणजे मी इथं एक प्रत उतरवून घेऊन बघते." मी खुला केला. मी सुचवलेल्या सात ओळी थोड्या फरकानं त्यांनी घेतल्या आणि खाली माझं नाव घातलं. छापलेल्या, निदान पडद्यावर आलेल्या, कुठल्याही कामाखाली माझं नाव पहिल्यांदाच येत होतं. हे कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि सांगण्यासारखा माणूस एकच होता.

उद्धवराव कणसे पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. आमची ओळख वाचनालयातली. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचो, ते येऊन समोर बसले आणि पहिल्याच दिवशी अख्ख्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय ओ, तुम्ही पुस्तक वाचताय की पुस्तक तुम्हाला वाचतंय?" पुढं ते रोज यायला लागले. बोलायचं त्यांनी, ऐकायचं मी, असं आमचं छान जमलं.

त्यांनी आपल्या नोकरीच्या आठवणी लिहिल्या होत्या, ‘पाटबंधाऱ्यावरचे दिवस’. स्वतःच छापून घेतलं होतं. माझ्या हातात प्रत ठेवून म्हणाले, "तुमच्या त्या वेबसाइटवर चार ओळी टाका. वाईट लिहिलं तरी चालेल, पण चांगलं लिहा." आणि हसले.

मी चांगलं लिहिलं. ‘ओघवती शैली’, ‘प्रदीर्घ अनुभवांचा ठेवा’, ‘प्रत्येक अभियंत्यानं वाचावं’, असं. कणस्यांनी ते पान छापून, वर प्लास्टिक चढवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं पुस्तक लिहायला बसले. मालनताईंनी, त्यांच्या पत्नीनं, मला नंतर सांगितलं, "तुमच्या कागदानं माणसाला पंख फुटलेत भावजी. पहाटे उठून लिहायला बसतात." मी सांगतोय त्या दिवसापर्यंत, एप्रिल होता तो, दोन वर्षांत साडेचारशे पानं झाली होती. टाइप होऊन पुढच्या महिन्यात छापखान्यात जायची होती.

तर त्या दिवशी दुपारी मी त्यांना माझं नाव दाखवलं, माझ्या सात ओळी दाखवल्या, आणि मग ते नोंदींचं साधन. "यात काहीच पुसलं जात नाही," मी अभिमानानं म्हणालो. "काढलेल्या ओळी लाल पट्टीत दिसतात, घातलेल्या हिरव्या पट्टीत. कुठल्याही दिवसात परत जाता येतं."

"आता माझं दाखवा की. माझ्यावर लिहिलंत तो दिवस दाखवा."

मी त्यांच्या पुस्तकावरच्या टिपणाची फाइल उघडली. तिच्याखाली दोन नोंदी होत्या. चौदा सप्टेंबर, दिवसअखेर. पंधरा सप्टेंबर, दिवसअखेर.

"दोन कशा?" कणसे म्हणाले.

मला तेव्हा आठवलं.

"ते काही नाही," मी म्हणालो. "शुद्धलेखन सुधारलं असेल."

"बघू तरी." माऊस त्यांच्या हाताखाली होता.

पडदा वरपासून खालपर्यंत लाल झाला. वर माझ्या लाल ओळी, खूप खाली हिरव्या. चौदा तारखेला पुस्तक संपवल्या संपवल्या मी एका दमात जे मनात आलं ते लिहिलं होतं. साडेपाच वाजले होते. सवयीनं नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून घाबरलो, सगळं काढलं आणि दुसरं लिहिलं. ते पहिलं लिहिणं मी मनातून इतकं घालवलं होतं की त्यात काय होतं तेही मला धड सांगता आलं नसतं. एवढंच आठवत होतं की ते निर्दय होतं.

कणसे पुढं वाकून वाचत होते. मी पडद्याकडं बघितलं नाही, कीबोर्डवरच्या अक्षरांकडं बघत राहिलो. शेजारी कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

"‘बदल्या आणि सत्कार यांची यादी’," त्यांनी मोठ्यानं वाचलं. मग थोडं थांबून, "‘मंत्र्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं पुस्तक लिहिलंय, नदीच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसानं नाही.’ हे तुमचंच?"

"हो."

"आधी हे लिहिलंत आणि मग ते."

"हो."

"खाली अजून आहे."

"थोडं असेल."

त्यांनी डोळे बारीक करून पडद्याजवळ नाक नेलं, मग मागं टेकले. "वाचायचा चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. "हे खालचं लागत नाही मला. तुम्ही वाचा."

"नको उद्धवराव."

"का?"

कपात ओतलेला चहा तसाच ठेवून ते उठले. दारात चपला घालताना नेहमी काहीतरी टोमणा मारायचे, तोही मारला नाही.

मी त्यांच्या मागं धावलो नाही. मी लातूरला पत्र लिहिलं. जुन्या नोंदी कायमच्या घालवता येतात का, हे विचारलं.

"येतात सर," फरीदाबाईंनी कळवलं. "पण एकदा गेलं की परत येत नाही. काय आहे त्यात?"

"थोडं खासगी आहे."

"मग मी सांगते तसं करा. पण एक दिवस थांबून करा."

मी थांबलो नाही. तासाभरात सगळ्या जुन्या नोंदी घालवल्या. लाल भाग परत डोळ्यांपुढं येऊ नये म्हणून न वाचताच घालवल्या. टेपवाला माणूस मी, बॅकअप कुठं कुठं असतो ते मला ठाऊक होतं. दोन डिस्कवर होता, तिथूनही घालवला. संध्याकाळी मला वाटलं, मी निदान घर तरी झाडून स्वच्छ केलं.

चौथ्या दिवशी कणसे आले. या वेळी चष्मा खिशात होता, वरून दिसत होता.

"ते लाल होतं ते मला छापून द्या," ते म्हणाले.

"ते राहिलं नाही."

"म्हणजे?"

"पुसलं मी."

"तुम्ही म्हणाला होतात, यात काही पुसलं जात नाही."

"मुद्दाम पुसावं लागतं."

"म्हणजे मुद्दाम पुसलंत." त्यांनी मान हलवली. "मंडळात होतात तेव्हा चुकीचं बिलही असंच नाहीसं करत होता का? आम्हा गिऱ्हाइकांना उगाच वाटायचं, हरवलं."

मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी केला नाही.

"हर्डीकर, मला तुमचा राग आलेला नाही," ते म्हणाले. "म्हणजे आला होता, दोन दिवस. मग वाटलं, या माणसानं माझं पुस्तक खरंच वाचलंय. बाकीच्यांनी चाळलं. दुसरं पुस्तक छापखान्यात जायचं थांबवलंय मी. ते लाल सगळं वाचल्याशिवाय द्यायचं नाही म्हणतो. खाली शेवटी काय लिहिलं होतं?"

"आठवत नाही."

"खरंच?"

"खरंच आठवत नाही, उद्धवराव. दोन वर्षं झाली."

"मग पुन्हा लिहा. तसंच लिहा. मी मरत नाही त्यानं."

पुढचे पाच दिवस मी पुन्हा लिहिण्यात घालवले. पुस्तक समोर घेतलं, पण उघडून पहिल्यापासून वाचायचा धीर झाला नाही, इकडून तिकडून पानं उलटली. एक वाक्य सरळ लिहायचो आणि लगेच मनात यायचं, तू कोण. आयुष्यात एक पुस्तक लिहिलं नाहीस, लोकांच्या पुस्तकांवर टिपणं काढलीस. या माणसानं कालवे बांधले. मग त्या वाक्यापुढं ‘कदाचित’ यायचं, मागं ‘अर्थात’ यायचं. ‘काही ठिकाणी विस्तार थोडा कमी करता आला असता’ इथं येऊन मी थांबलो. सहाव्या दिवशी ते दीड पान घेऊन त्यांच्या घरी गेलो.

कणस्यांनी चष्मा लावून उभ्यानंच वाचलं. दोनदा. कागदाची नीट चौघडी केली.

"हे हिरवंच आहे," ते म्हणाले.

"मी प्रयत्न केला."

"केलात, दिसतंय." त्यांनी कागद परत दिला. "चहा घेणार का?"

ते विचारणं असं होतं की मी नको म्हणालो.

त्यानंतर ते वाचनालयात यायचे थांबले. मे गेला, जून गेला. समोरच्या खुर्चीत कुणी ना कुणी बसायचं, मी पेपर उघडून धरायचो. मी त्यांच्या घरी जावं असं रोज वाटायचं आणि रोज न जायला काहीतरी कारण मिळायचं. माझ्या वेबसाइटवर ते कौतुकाचं टिपण तसंच होतं. काढलं तर त्यांना लागेल, ठेवलं तरी लागेल, म्हणून मी त्या पानाकडं जायचंच टाळत होतो.

जुलैत फरीदाबाईंचं पत्र आलं. "सर, तुमच्या त्या सात ओळी आता नव्या आवृत्तीत सगळीकडं गेल्या. अभिनंदन. एक विचारायचं होतं. एप्रिलमध्ये मी तुमच्या कोडची प्रत इथं उतरवून घेतली होती. तिच्यात तुमच्या जुन्या नोंदी अजून आहेत. तुम्ही खासगी म्हणाला होतात, म्हणून मी उघडून बघितलं नाही. पुसून टाकू का?"

मी ते पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. खुलं केलं म्हणजे दुसऱ्याकडंही राहिलं, एवढी साधी गोष्ट अठ्ठावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाच्या ध्यानात आली नव्हती. मी लिहिलं, "पुसू नका. पाठवा."

चौदा सप्टेंबरची फाइल उघडली. आधीचं निर्दय होतं, मला वाटलं होतं त्याहून जरा जास्तच. मग शेवटचा परिच्छेद आला.

‘पृष्ठ ११८ ते १२८. धरणात जाणाऱ्या गावात घरांवर नंबर टाकायला तरुण ओव्हरसियर जातो. एक बाई त्याला अडवते आणि म्हणते, आकडा नीट काढ रे, पोरीला बघायला पाहुणे यायचेत. तो रंग पुसतो आणि पुन्हा, वळणदार काढतो. सगळ्यांना माहीत आहे की वर्षभरात ती भिंत पाण्याखाली असणार. ही अकरा पानं कणस्यांनी लिहिली आहेत, बाकीची त्यांच्या हुद्द्यानं. त्यांनी नुसतं त्या गावाचं पुस्तक लिहिलं, तर मी ते वाचेन आणि पुन्हा वाचेन. असं लिहू शकणारी माणसं मी फार वाचलेली नाहीत.’

पंधरा तारखेला हे मी का काढलं तेही मग आठवलं. एकाच प्रकरणाचं असं कौतुक केलं तर बाकीच्या सगळ्यांचा अपमान होईल, म्हणून काढलं होतं.

मी ते छापलं आणि तसाच चालत निघालो. विद्यानगरला त्यांच्या घरापर्यंत पाऊण तास लागला. मालनताईंनी दार उघडलं.

"या भावजी. रस्ता सापडला म्हणायचा." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "जरा जपून बोला. पुस्तकाचं नाव काढलेलं चालत नाही त्यांना. सगळं दिलं रद्दीवाल्याला."

"टाइप केलेलं?"

"ते दिलं, हातानं लिहिलेलं दिलं. ट्रंकेतल्या जुन्या वह्यापण दिल्या. मी म्हटलं, वह्या राहू द्या, त्या काय खायला मागतात? ऐकलं नाही. घर अडतं म्हणाले."

कणसे मागच्या पडवीत बसले होते. दोन महिन्यांत जरा वाळले होते. मला बघून त्यांनी समोरचं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"सापडलं," मी म्हणालो. "लातूरच्या बाईंकडं प्रत राहिली होती."

त्यांनी हात पुढं केला नाही. "वाचा," म्हणाले.

या वेळी मी वाचलं. पहिल्यापासून, ‘बदल्या आणि सत्कार’ धरून, काही न गाळता. शेवटचा परिच्छेद आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"हे शेवटचं परत वाचा."

मी परत वाचलं.

"हे होतं होय खाली," ते म्हणाले. "मला वाटलं, वरच्यापेक्षा वाईट असणार. इतकं वाईट, की तुम्हाला ते ठेवणंसुद्धा जमलं नाही. माणूस पुसतो कधी? म्हटलं, ज्यानं आपलं पुस्तक खरंच वाचलं त्याचं मत असं असेल, तर आपण कागद कशाला खराब करा."

"वह्या कसल्या होत्या?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं असं वाटत होतं.

"त्या गावाच्याच. नंबर टाकत गेलो तेव्हाच्या. कुठल्या घराला कुठला आकडा, घरात कोण कोण, दारात झाड कसलं. मागच्या बाजूला कोण काय बोललं ते लिहून ठेवायचो, संध्याकाळी कंदिलापाशी बसून. साडेतीनशे घरं होती."

"आठवत असेल ना तुम्हाला?"

"ती बाई आठवते. तिचं नाव वहीत होतं."

मालनताईंनी चहा आणून ठेवला. त्या पदराला हात पुसत आत गेल्या. कणस्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चष्मा न लावताच त्याच्याकडं बघत राहिले.

"उद्धवराव," मी म्हणालो, "पुन्हा लिहा. जेवढं आठवेल तेवढं. तेच पुस्तक होईल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता, खरंच माहिती विचारावी तसं ते विचारत होते.

"तुम्हाला आलं का पुन्हा लिहिता?"

"नाही," मी म्हणालो.